दगड आणि लेखणी : ड्यूररचा अनुतापी जेरोम



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी आपली सारी हयात शब्दांचे अर्थ लावण्यात आणि ते दुसऱ्याच्या गळी उतरविण्यात वेचली. तेव्हा त्यांच्या स्मृतिदिनी एका भाषांतरकाराविषयी बोलावे हे मला सर्वथा उचित वाटले. परंतु त्या भाषांतरकाराची ओळख मी आपल्याला त्याच्या ग्रंथांतून करून देणार नसून एका चित्रातून करून देणार आहे, आणि त्या चित्रात त्याच्या हाती लेखणी नाही, दगड आहे. लेखणीने ज्याने जगाच्या इतिहासाला वळण दिले त्याच्या हाती चित्रकाराने दगड का द्यावा, आणि त्या दगडाचा त्या लेखणीशी संबंध काय, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

चित्र आहे आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन कलावंताचे; तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले. त्यावर साल घातलेले नाही, परंतु इ. स. १४९६ च्या सुमारास, म्हणजे ड्यूरर पंचविशीत असताना, ते निर्माण झाले असे जाणकार मानतात. आकार मोठा नाही : उंची सुमारे ३२ सेंटिमीटर, रुंदी सुमारे २३. भेगाळलेल्या, थराथरांनी फुटलेल्या उंच कड्यांच्या पायथ्याशी एक दाढीवाला, उतारवयाकडे झुकलेला पुरुष उघड्या जमिनीवर गुडघे टेकून बसला आहे. कमरेवरचे अंग उघडे आहे. पुढ्यात एक लहानसा क्रूस रोवलेला आहे आणि दृष्टी त्या क्रूसावर खिळलेली आहे. हातात मुठीत मावेल एवढा दगड आहे. त्याने तो आपली छाती बडवीत आहे, किंवा बडविता बडविता क्षणमात्र थांबला आहे. जवळच एक सिंह घरच्या जनावराच्या निर्धास्तपणाने पहुडला आहे, आणि पलीकडे झाडी, मोकळा मुलूख व एक छोटेसे प्रार्थनामंदिर दिसते. एवढाच प्रसंग, त्यात घडत असे काहीच नाही, आणि तरीही तो पाहताना मनुष्य सहजी पुढे सरकू शकत नाही.

हा पुरुष म्हणजे संत जेरोम. इ. स. ३४७ च्या सुमारास डाल्मेशिया आणि पॅनोनिया या रोमन प्रांतांच्या सरहद्दीवरील स्ट्रिडोन गावी तो जन्मला, रोममध्ये दोनातुस या नामांकित वैयाकरणाच्या हाताखाली त्याने अध्ययन केले आणि लॅटिन गद्यावर असे प्रभुत्व मिळविले की त्याच्या पिढीत त्याच्या तोडीचा गद्यकार क्वचितच झाला असेल. तिशीच्या आसपास, संसाराचा आणि लौकिकाचा वीट येऊन, तो सीरियातील खाल्किसच्या वैराण प्रदेशात तपश्चर्येसाठी निघून गेला व काही वर्षे तेथे राहिला. पुढे ३८४ साली रोमहून एउस्तोखियम नावाच्या तरुण व्रतस्थ स्त्रीस लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्याने त्या दिवसांची हकीकत सांगितली आहे, आणि सर्व अनुतापी जेरोमांची चित्रे त्या एका पत्रातून उगम पावली आहेत. विंचू आणि श्वापदे यांच्यावाचून ज्याला सोबती नव्हता, उपवासाने ज्याचे अंग थंड पडले होते, त्याचे मन मात्र रोममधल्या नर्तकींच्या मेळ्यात वावरत होते. आणि ते मन ताळ्यावर येईपर्यंत आपण रात्रंदिवस ऊर बडवीत राहिलो, असा त्या हकीकतीचा आशय आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की पत्रात ऊर बडविणे आहे, दगड नाही. तो त्याच्या हाती दिला तो त्यानंतर हजार वर्षांनी इटलीतल्या चित्रकारांनी. दुसरी ही की जो पुरुष अरण्यात गेला तो भर तारुण्यात होता. वासनेचा जो दाह त्याने वर्णिला आहे तो तिशीच्या आतबाहेरील मनुष्याचा दाह आहे. असे असता ड्यूररने, आणि त्याच्या आधीच्या पुष्कळ चित्रकारांनीही, त्याला पिकल्या वयाचा का दाखविला? इतिहासाच्या दृष्टीने हा कालविपर्यास होय; परंतु मला त्यात एक अर्थ दिसतो. तारुण्यातील चुकांचा पश्चात्ताप तारुण्यातच आटोपतो असे या चित्रकारांना वाटत नव्हते. त्यांनी काढलेला जेरोम हा अरण्यातल्या चार वर्षांचा जेरोम नसून सबंध आयुष्याचा जेरोम आहे. ज्याने तो दगड एकदा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला नाही, असा.

आता हे चित्र ज्या माध्यमात आहे त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण येथे माध्यम हे आशयाचे नुसते वाहन नाही. ड्यूररचे वडील न्यूरेंबर्ग शहरात सोनारकाम करीत. घराणे मूळचे हंगेरीतले. मुलानेही प्रथम वडिलांच्याच पेढीवर कोरणी हाती धरली आणि मग १४८६ पासून तीन वर्षे मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारी केली. युरोपातील ताम्रमुद्रणाची कला सोनारांच्या दुकानांतच वाढली, हे त्या कलेच्या हत्यारांवरून कोणालाही कळेल. पोलादी कोरणीचे टोक तिरपे घासलेले असते. तिची गोल मूठ तळहातात बसते आणि कारागीर ती पत्र्यावरून पुढे ढकलतो, ओढीत नाही. पत्रा वाळूने भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला असतो; वळणदार रेघ काढावयाची झाली म्हणजे हात जवळजवळ स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने पत्राच फिरवावयाचा. कोरणीपुढे तांब्याचा बारीक केसासारखा कीस उठत जातो. दाब वाढविला की चर खोल व रुंद होतो, दाब उतरविला की रेघ निमुळती होत नाहीशी होते. मग त्या चरांत शाई चोळून, पृष्ठभाग पुसून स्वच्छ करून, ओलसर कागद वर ठेवून, रुळांच्या दाबयंत्रातून तो पत्रा काढावयाचा; चरांतली शाई कागद उचलून घेतो आणि चित्र उलटे उमटते. म्हणून कोरणाऱ्याला डावे ते उजवे आणि उजवे ते डावे धरून काम करावे लागते. ही विद्या आपल्याकडे मराठेशाहीच्या अखेरीस आली : नाना फडणविसांच्या प्रेरणेने एका तांबट कारागिराने देवनागरी अक्षरे तांब्यावर उलटी कोरण्याचे कौशल्य हस्तगत केले, आणि नानांच्या पश्चात १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तशा पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली.

या कामात घाईला थारा नाही आणि चुकीला माफी जवळजवळ नाही. चुकलेली रेघ घालवावयाची तर तेवढा भाग खरवडून, घासून, मागून हातोडीने ठोकून पुन्हा सपाट करावा लागतो. तैलरंगांतल्याप्रमाणे वरून दुसरा थर देऊन मोकळे होता येत नाही. छटा म्हणून काही वेगळी वस्तू येथे नसते. काळोख म्हणजे दाट रेघा, उजेड म्हणजे विरळ रेघा किंवा मोकळा कागद. ड्यूररच्या चित्रात दंडाचा गोलवा, बरगड्यांचा उभार, सिंहाची आयाळ, वस्त्राच्या चुण्या आणि कड्याचे तुटलेले थर हे सर्व एकाच काळ्या रेघेचे अवतार आहेत. अंगावर ती रेघ स्नायूला वळसा घालून जाते. कड्यावर ती आखूड, सरळ आणि तुटक होते, जणू टाकीच्या घावाने फुटलेली. ज्या हाताने दगडाचा खडबडीतपणा रेखला त्याच हाताने, त्याच हत्याराने, त्या दगडाचा घाव सोसणारी कातडी रेखली आहे. भिंग घेऊन पाहिले तर अशा हजारो रेघा दिसतात, आणि त्यांतली प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे, दाबाचा अंदाज घेऊन, एकदाच काढलेली असते. एकाच कृतीची अखंड, सावध, न कंटाळता केलेली आवृत्ती हा या कलेचा धर्म आहे. आणि अनुतापाचाही तोच धर्म आहे, हे मला या चित्रापुढे प्रथम उमगले.

परंतु अनुताप म्हणजे आवृत्ती हा विचार त्या काळात निर्विवाद नव्हता. किंबहुना त्याच्या विरुद्ध जाणारी एक मोठी व्यवस्था तेव्हा भरभराटीस आली होती, आणि तिचे व छपाईचे नाते फार जवळचे होते. माइंत्स शहरी गुटेनबर्गच्या खटपटीतून खिळ्यांची छपाई सुरू झाली तेव्हा १४५४ व १४५५ या सालांतील पापविमोचनपत्रे हे तिचे अगदी आरंभीचे काम होय. तुर्कांपासून सायप्रसचे रक्षण करण्यासाठी निधी जमविणे हा त्यांचा हेतू. मजकूर छापलेला, आणि घेणाऱ्याचे नाव व तारीख यांसाठी जागा कोरी. आपल्या जुन्या दफ्तरांतील देणे फिटल्याच्या फारखतीसारखाच हा दस्तऐवज : पाप केले, कबुली दिली, धर्मकार्यास द्रव्य दिले, खाते बेबाक झाले. खरा पश्चात्ताप व पापनिवेदन यांवाचून हे पत्र निष्फळ आहे, असे धर्मपीठाचे शास्त्र सांगत होते खरे. पण वसुलीवर नेमलेल्या माणसांच्या तोंडी ते शास्त्र उत्तरोत्तर क्षीण होत गेले. आणि याच माइंत्सच्या छापखान्यातून, याच वर्षांत, युरोपातला पहिला मोठा छापील ग्रंथ बाहेर पडत होता, तो लॅटिन बायबलचा. म्हणजे जेरोमनेच हजार वर्षांपूर्वी सिद्ध केलेल्या पाठाचा. एका यंत्रातून फारखत निघाली आणि त्याच यंत्रातून एका अनुतापी पुरुषाच्या आयुष्यभराच्या कष्टाचे फळही निघाले. ड्यूररची पिढी या दोन्ही कागदांमध्ये वाढली. त्याचा धर्मपिता आंटोन कोबेर्गर हा न्यूरेंबर्गचा बडा मुद्रक होता. त्या शहराबाहेर १३९० पासून कागदाची गिरणी चालत होती. आणि ड्यूररची पत्नी आग्नेस व त्याची आई या दोघी जत्रांतून व बाजारांतून त्याची छापचित्रे विकीत असत. अशा बाजारात विकत घेतलेला जेरोम घरी भिंतीवर लागे, प्रार्थनापुस्तकात ठेवला जाई. पण त्यावर नाव घालण्याची कोरी जागा नव्हती आणि तो कोणाचेही खाते बेबाक करीत नव्हता. तो एवढेच दाखवी की हा मनुष्य अजून गुडघ्यांवर आहे.

ड्यूररने याच सुमारास अनुतापाचे आणखी एक चित्र कोरले, ते याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. संत जॉन ख्रिसोस्टोमविषयी मध्ययुगात एक कथा प्रचलित होती, जिला त्या थोर धर्मोपदेशकाच्या खऱ्या चरित्रात कसलाही आधार नाही : अरण्यात राहणाऱ्या त्या तपस्व्याच्या हातून एका राजकन्येविरुद्ध घोर अपराध घडतो आणि प्रायश्चित्त म्हणून तो, क्षमा होईपर्यंत जनावरासारखा चार पायांवर रांगत राहण्याचे व्रत घेतो. ड्यूररच्या चित्रात पुढे, सगळ्या उजेडात, ती राजकन्या बाळाला अंगावर पाजीत बसली आहे आणि रांगणारा अनुतापी पार मागे, इतका लहान की शोधून काढावा लागतो. एरवी अशा कथेत अपराध्याच्या यातनांचाच थाट मांडला जातो आणि जिचा अपराध झाला ती विसरली जाते. पंचविशीतल्या या कलावंताने तो क्रम फिरविला. पश्चात्ताप करणाऱ्याने स्वतःच्या पश्चात्तापाकडे पाहत बसू नये, हे त्या मांडणीतून जितके निःसंदिग्धपणे सांगितले गेले आहे तितके एखाद्या प्रवचनातूनही सांगता आले नसते. जेरोमच्या चित्रातही हेच आहे : त्याची नजर स्वतःच्या छातीवर नाही, हातातल्या दगडावर नाही, पाहणाऱ्यावर तर नाहीच नाही.

आता दगडाकडून लेखणीकडे येऊ. जेरोमने आपल्या वार्धक्यात रुस्तिकुस नावाच्या एका तरुण संन्याशाला लिहिलेल्या पत्रात अरण्यातील त्याच दिवसांची दुसरी एक बाजू सांगितली आहे, जी चित्रकारांनी सहसा चितारली नाही आणि जी मला पहिलीपेक्षाही मोलाची वाटते. उपवासांनी शरीर खंगले तरी मनातले विचार उसळतच राहिले, तेव्हा त्याने एक उपाय केला : ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी साधूला गुरू करून तो हिब्रू भाषा शिकू लागला. रोमन वक्ता सिसेरोचा प्रवाह आणि वक्तृत्वशास्त्री क्विंटिलियनचा रेखीवपणा ज्याच्या कानात भरलेला, तो तिशीचा पंडित बिगरीतल्या पोरासारखा पुन्हा मुळाक्षरे गिरवू लागला. घशातून काढावयाचे, त्याच्या कानाला कर्कश वाटणारे उच्चार घोकू लागला. कितीदा आशा सोडली, कितीदा काम टाकून दिले आणि पुन्हा हाती घेतले, हे तो मोकळेपणाने सांगतो, आणि त्या कडू बीजातून आपण आता गोड फळे वेचीत आहोत याबद्दल ईश्वराचे आभार मानतो. मनाला आवर घालण्यासाठी एका मनुष्याने व्याकरण हाती घेतले, आणि त्यातून पुढे काय झाले ते पाहा. ३८२ मध्ये तो रोमला परतला. पोप दामासुसने त्याला लॅटिन शुभवर्तमानांचा पाठ सुधारण्याचे काम सांगितले. ३८६ पासून तो बेथलेहेमात स्थायिक झाला आणि तेथे सुमारे पंधरा वर्षे खपून त्याने जुना करार थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. त्याच्यापूर्वीचे लॅटिन भाषांतर ग्रीक भाषांतरावरून केलेले होते. मुळापर्यंत जाण्याची उमेद आणि तयारी या एकट्याजवळ होती, आणि ती तयारी त्या अरण्यातल्या मुळाक्षरांपासून सुरू झाली होती. पश्चिम युरोप त्याचे बायबल हजार वर्षे वाचीत राहिला. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्याच पाठाला प्रमाण मानले.

म्हणजे दगड आणि लेखणी ही एकाच प्रायश्चित्ताची दोन हत्यारे होत. उपवासांनी जे साधले नाही ते भाषा शिकण्याने साधले, असे स्वतः जेरोम सांगतो. आणि ड्यूररला हे नाते कळत गेले, याची साक्ष त्याची पुढची चित्रे देतात. १५१२ मध्ये त्याने कोरणीऐवजी अणकुचीदार सळीने तांब्यावर ओरखडे काढून एक जेरोम केला. या पद्धतीत चराच्या कडेला तांब्याची जी बारीक कड उठते ती शाई धरून ठेवते, म्हणून रेघ मऊ आणि मखमली उमटते. पण ती कड थोड्याच प्रतींनंतर दबून जाते आणि चांगल्या प्रती मोजक्याच निघतात. या चित्रात जेरोम पुन्हा खडकांतच आहे, शेजारी खुंटलेल्या वाळुंजाचे झाड आहे, सिंह आहे, क्रूस आहे. परंतु खडकावर एक फळी टेकवून मेज केलेले आहे, त्यावर ग्रंथ आहे आणि त्यामागे तो हात जोडून बसला आहे. अरण्यात मेज आले. दोन वर्षांनी, १५१४ मध्ये, त्याने जो जेरोम कोरला तो जगप्रसिद्ध आहे : लाकडी तुळयांची खोली, गोल काचांच्या तावदानांतून भिंतीवर व जमिनीवर सांडलेले ऊन, पुढे झोपी गेलेला सिंह व कुत्रा, छताला टांगलेला भोपळा, भिंतीवर वाळूचे घड्याळ, खिडकीत कवटी, आणि अगदी मागे, मोठ्या मेजावरच्या लहान उतरणीवर मान घालून लिहिणारा म्हातारा. अरण्य नाहीसे झाले, दगड नाहीसा झाला. पण मेजाच्या कोपऱ्यावर क्रूस आहे, आणि लिहिणाऱ्याच्या मस्तकापासून रेषा काढली तर ती त्या क्रूसावरून खिडकीतल्या कवटीकडे जाते. ज्या वर्षाच्या मे महिन्यात ड्यूररची आई वारली, त्या वर्षाचे हे चित्र आहे.

या दोन टोकांच्या चित्रांकडे पुष्कळदा विरोधाने पाहिले जाते : एक मध्ययुगीन तपस्वी, दुसरा नव्या युगाचा विद्वान, एकीकडे देहदंड, दुसरीकडे ज्ञानोपासना. डच पंडित एरास्मुसने १५१६ मध्ये बाझलहून जेरोमच्या ग्रंथांची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हा विद्वान जेरोमचाच गौरव विशेष झाला, हे खरे. परंतु माझे म्हणणे असे की ड्यूररच्या मनात हे दोन पुरुष नव्हते. खोलीतल्या जेरोमची जी एकाग्रता आहे ती अरण्यातल्या जेरोमचीच आहे. फरक एवढाच की घाव आता छातीवर पडत नाही, तो ओळीओळीने कागदावर पडतो. आणि हा विचार ड्यूररला सुचण्याचे कारण उघड आहे : तो स्वतः रोज तेच करीत होता. मान खाली, हातात पोलाद, समोर तांबे, एका रेघेमागे दुसरी रेघ. १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पापविमोचनपत्रांविरुद्धच्या आपल्या ९५ प्रमेयांच्या अगदी आरंभी असे प्रतिपादिले की श्रद्धावंताचे सबंध आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. आणि १५२० मध्ये ड्यूररने एका पत्रात, ज्याने आपल्याला मोठ्या मानसिक क्लेशांतून बाहेर काढले त्या ल्यूथरचे चित्र ताम्रपटावर कोरण्याची इच्छा व्यक्त केली. ती इच्छा निर्माण होण्याच्या वीसपंचवीस वर्षे आधीच त्याची कोरणी त्याच विचारावर येऊन ठेपली होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जेरोम फार तापट होता. आपल्या जिवलग मित्राशी, रुफिनुसशी, त्याने असे वैर केले की तो मित्र वारल्यावरही त्याची लेखणी निवली नाही. लौकिक ग्रंथ पुन्हा हाती धरणार नाही अशी शपथ त्याने एका भयंकर स्वप्नात, ईश्वरी न्यायासनापुढे फटके खात असता घेतली होती. पण पुढे त्याच्या लेखनात सिसेरो आणि कवी व्हर्जिल पदोपदी भेटतात, आणि रुफिनुसने नेमके त्यावर बोट ठेवले. असा मनुष्य अनुतापी कसला? माझे उत्तर असे, की ज्याचा स्वभाव एकदाच्या पश्चात्तापाने पालटून शांत झाला त्याला दगड आयुष्यभर हाती धरण्याचे कारणच उरले नसते. जेरोमचा क्रोध गेला नाही, म्हणूनच त्याचा अनुतापही संपला नाही. आणि जो अनुताप संपत नाही त्याला रोज करण्यासारखे काहीतरी काम लागते. ते काम त्याने इतक्या निष्ठेने केले की त्याचे दोष त्याच्याबरोबर गेले आणि काम उरले. दोषहीन पुरुषांचे आदर्श आपल्याला नम्र करतात. परंतु सदोष पुरुषाने जन्मभर चिकाटीने केलेले काम आपल्याला कामाला लावते, आणि मला दुसरा उपकार अधिक मोठा वाटतो.

सिंहाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पायातला काटा काढल्यामुळे माणसाळलेल्या सिंहाची कथा मुळात यार्देन नदीकाठच्या गेरासिमोस नावाच्या साधूची. नामसादृश्यामुळे ती जेरोमला चिकटली आणि तेराव्या शतकातल्या याकोबुस द वोराजिनेच्या संतकथासंग्रहामुळे सर्वतोमुखी झाली. ड्यूररने ती विशीतच रेखली होती : १४९२ मध्ये बाझलला छापलेल्या जेरोमच्या पत्रसंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी त्याने काष्ठठसा केला, त्यात जेरोम सिंहाच्या पंजातला काटा काढीत आहे; त्या लाकडी ठशाच्या पाठीवर ड्यूररचे नाव आजही वाचता येते. १५२१ मध्ये नेदरलँड्सच्या प्रवासात गेंट शहरी त्याने सिंह पाहून रेखाटल्याची नोंद त्याच्या दैनंदिनीत आहे. वयाच्या पन्नाशीला टेकलेला, युरोपभर कीर्ती झालेला कलावंत पिंजऱ्यासमोर उभा राहून पुन्हा विद्यार्थ्यासारखा सिंह गिरवितो, यात मला जेरोमची हिब्रू मुळाक्षरे दिसतात. आणि कडे? सीरियाचे अरण्य त्याने कधी पाहिले नव्हते. त्याने न्यूरेंबर्गच्या आसपासच्या दगडखाणींची जलरंगात अभ्यासचित्रे केली होती. तेच फुटके, थर सुटलेले दगड त्याने जेरोमभोवती उभे केले. आपल्या गावाबाहेरच्या खाणीत त्याने संताचे अरण्य ओळखले.

या चित्रपरंपरेचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही लागतो, तो सांगून समारोपाकडे वळतो. नेदरलँड्सच्या त्याच प्रवासात अँटवर्पच्या पोर्तुगीज वखारीतील रुई फर्नांदेस द आल्मादा याच्याशी ड्यूररचा स्नेह जडला. हिंदुस्थानची मिरी युरोपात विकली जाई ती त्या वखारीतून. ड्यूररच्या दैनंदिनीत या पोर्तुगीज मंडळींकडून मिळालेल्या नारळांची, पोपटांची आणि कालिकतच्या कापडाची नोंद आहे. आणि परतफेड म्हणून १५२१ मध्ये त्याने आल्मादाला दिले ते कवटीवर बोट ठेवलेल्या जेरोमचे तैलचित्र. अँटवर्पच्या एका ९३ वर्षांच्या वृद्धाला समोर बसवून त्यासाठी रेखाटन केले होते. ते तैलचित्र आज लिस्बनच्या संग्रहालयात आहे. पुढे १५७९ मध्ये अकबराच्या निमंत्रणावरून रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोनसेर्राते आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे तीन जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले व १५८० च्या आरंभी फत्तेपूर सिक्रीस पोचले. त्यांनी बादशहाला जे बहुभाषी बायबल नजर केले ते अँटवर्पला प्लांतिन या मुद्रकाच्या छापखान्यात झालेले होते. त्यात हिब्रू आणि ग्रीक पाठांबरोबर जेरोमचा लॅटिन पाठ होता आणि ताम्रमुद्रित चित्रेही होती. बादशहाने ते मोठ्या आदराने मस्तकी धरले, असे मोनसेर्राते लिहितो. त्यानंतरच्या काही वर्षांतच केसू दास या मोगल दरबारच्या हिंदू चित्रकाराने एका युरोपीय छापचित्रावरून जेरोमचे चित्र रंगविले. ते आता पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. आणि १६०० मध्ये अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने ड्यूररच्या १५११ च्या एका ताम्रचित्रातील संत जॉनची आकृती रेषेरेषेने उतरवून घेतली. तो पुढे जहांगिराचा मानकरी चित्रकार झाला. ज्या मुलाला त्या संताची भाषा येत नव्हती, धर्म ठाऊक नव्हता, त्याला रेघ मात्र पुरेपूर कळली. आणि ती कळण्यासाठी त्यानेही तेच केले जे जेरोमने आणि ड्यूररने केले होते : मान खाली घालून गिरविले.

सभ्य गृहस्थहो, पश्चात्ताप या गोष्टीविषयी आपल्या मनात दोन कल्पना सहज घर करतात. एक, तो हृदयाचा उमाळा आहे. डोळ्यांतून पाणी वाहिले की झाले. दुसरी, तो हिशेब आहे. दंड भरला, व्रत केले, दान दिले की खाते बंद. उमाळा ओसरतो आणि हिशेब मिटतो. दोन्हींच्या पलीकडे मनुष्य होता तसाच राहू शकतो. ड्यूररचा जेरोम तिसरी गोष्ट सांगतो, आणि ती त्याच्या चेहऱ्यावरून जितकी कळते तितकीच त्या पत्र्यावरच्या रेघांवरून कळते : झालेली चूक पुसता येत नाही, पण पुढची रेघ नीट काढता येते, आणि पुढची रेघ नीट काढणे हेच मागच्या चुकीचे प्रायश्चित्त आहे. ज्या पुरुषाने अपराधाच्या जाणिवेतून एक परकी भाषा शिकली आणि त्या भाषेतून आपल्या समाजाला ग्रंथ दिला, त्याचा अनुताप खरा होता की नव्हता हे ठरविण्यासाठी त्याच्या अश्रूंचा दाखला मागण्याची जरूर नाही. ग्रंथ समोर आहे. आपल्यापैकी ज्याला ज्याला आपल्या आयुष्यात काही दुरुस्त करावेसे वाटत असेल त्याने आपापल्या हातचे अवघड काम ओळखावे, ते मुळाक्षरांपासून सुरू करावे, कंटाळा येऊन टाकले तर पुन्हा उचलावे, आणि फारखतीची वाट पाहू नये.